त्या वर्षी होड्यांना रंग नव्हता

अन्याय झाला तो माझ्या मावसभावावर. वेळ : दोन हजार दहा सालच्या गटारी अमावस्येच्या आधीचा मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. जागा : द्रोणागिरीकडच्या एका कंटेनर यार्डाचं गेट. अन्याय करणारे दोघे. एक गेटवरचा भरतीचा साहेब आणि दुसरा मी.

पत्रकं लिहिता लिहिता मी लिहायला शिकलो. पनवेलच्या बाजारातल्या एका बोळात छापखाना होता. तिथल्या बाकावर बसून मजकूर करायचा, गुलाबी कागदावर छापून घ्यायचा आणि शाई पुरती वाळायच्या आत एसटी स्टँडवर वाटून टाकायचा. चळवळीत लिहायला शिकवणाऱ्यांनी एकच नियम डोक्यात ठोकला होता. पहिल्या ओळीत सांग, अन्याय कुणावर झाला आणि कधी. शेवटच्या ओळीत सांग, काय पाहिजे. मध्ये रडू नकोस. हेही मी त्याच नियमाने लिहितोय. फक्त मधल्या जागेत जे पाहिलं ते मला अजून पेलत नाही, म्हणून तिथे थोडं लांबेल.

आमचं गाव खाडीकाठचं, कोळ्यांचं. शंभराच्या आत घरं आणि सव्वीस होड्या. आजोबा जिथे जाळी लावायचे तिथे आता मातीचा भराव आहे आणि भरावावर कंटेनर, एकावर एक पाच-पाच. मासळी हटली. जागा घेताना घरटी एक नोकरी असा शब्द मिळाला होता. शब्द घेणारे म्हातारे झाले, देणारे बदली होऊन गेले. पोरं राहिली जेटीच्या कठड्यावर. बारावी झालेली, आयटीआय केलेली, नापास झालेली, सगळी एका रांगेत. पलीकडे खारघरचे टॉवर वाढताना बघत बसायची. अशा कठड्यावर नशेला आमंत्रण धाडावं लागत नाही. गोळ्या आल्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या, पुड्या आल्या. आणि ज्याला यातलं काहीच परवडत नव्हतं त्याच्यासाठी आमच्याच बंदरावर एक वस्तू फुकट पडलेली असायची. थिनर.

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी रंगवतात. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा. होडी रंगवणं म्हणजे घरात लगीन असल्यासारखं. आयाबाया चहा घेऊन येतात, म्हातारे सूचना देतात, पोरं ब्रश मारतात. तो रंग पातळ करायला थिनर. लहानपणापासून मला तो सणाचा वास वाटायचा. सुट्टीचा, नारळाच्या वड्यांचा. माझ्या मावसभावाला सोळाव्या वर्षी त्याच वासाने धरलं. होडी रंगवायला उभा केला होता त्याला, कारण दुसरं काम नव्हतं. संध्याकाळी ब्रश पुसायची चिंधी नाकाशी. पुढल्या वर्षी रंग संपला तरी चिंधी सुटली नाही. आम्ही हसायचो. खरं सांगतो, आम्ही त्याला 'पेंटर' म्हणायचो आणि हसायचो.

तो एकवीस वर्षांचा होईस्तोवर त्याला स्वतःच्या बहिणीचं नाव आठवायला वेळ लागायला लागला. मावशी त्याला घेऊन पळस्पे फाट्याला गेली, तिथून गाडी पकडून घाटावरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात. सात महिने ठेवला. परत आला तेव्हा गालफडं बसलेली, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि बहिणीला नावानं हाक मारली. मावशी चुलीकडे तोंड करून बसली होती, ती उठलीच नाही बराच वेळ.

त्याच महिन्यात आमची नोकऱ्यांसाठीची चळवळ फळाला आली. यार्डावर तीन मोर्चे नेले होते, एकदा दगड फेकले गेले, एकदा आमची डोकी फुटली. शेवटी ते बोलणी करायला बसले आणि गावातल्या चाळीस पोरांना कामाचे पास देतो म्हणाले. यादी मीच केली. चाळिसावं नाव मावसभावाचं टाकलं.

आणि त्याच हाताने मी पत्रक लिहिलं. 'रोजगार नाही म्हणून पोरं नशेला लागतात' असं नुसतं लिहून कोण वाचतो? उदाहरण पाहिजे. मी उदाहरण दिलं. जेटीपासून तिसऱ्या घरातला एकवीस वर्षांचा तरुण, बाप समुद्रात गेलेला, आई जाळी विणते, पाच वर्षं थिनर, सात महिने केंद्रात. नाव छापलं नाही. मला वाटलं, नाव न छापणं म्हणजे सभ्यपणा झाला. शंभराच्या आत घरांचं गाव! जेटीपासून तिसरं घर मोजायला किती बोटं लागतात? छापखान्यात कुणीतरी केलेलं कौतुक ऐकून मी इतका फुगलो होतो की ही साधी मोजणी मला सुचली नाही.

मंगळवारी सकाळी चाळीस जण गेटवर. अंघोळी करून, भांग पाडून, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी सोबत, खांद्याला भोंगा. घोषणा द्यायची गरज पडणार नव्हती, पण सवय. एकेकाला आत बोलवत होते. दहा वीसला त्याची पाळी आली तेव्हा साहेबाने टेबलावरून गुलाबी कागद उचलला.

"जेटीपासून तिसरं घर. तू राहतोस का तिथे?"

"हो साहेब."

"बाप समुद्रात गेला?"

"हो."

"मग हा तूच." साहेबाने कागद त्याच्याकडे फिरवला. "तुमच्याच नेत्याने लिहिलंय. इथे क्रेन चालतात, फोर्कलिफ्ट चालतात. उद्या माणूस मेला तर कोण जबाबदार? नेक्स्ट."

तो माझ्याकडे वळला. चिडून नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून. एकोणचाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. माझ्या खांद्यावर भोंगा होता, अर्धा किलोमीटर ऐकू जाईल असा, आणि मी तोंड उघडलं नाही. मला भीती वाटली की एकासाठी बोललो तर एकोणचाळीस जातील. हिशेब बरोबर असेलही. पण त्या क्षणी मी हिशेब केला, हे त्याने बघितलं. तो पिशवी काखेत मारून बांधावरून गावाकडे चालायला लागला.

मी दुपारी मावशीच्या घरी गेलो. तिच्याकडे जायला जेटीवरून, सव्वीस होड्यांच्या मधून जावं लागतं. आणि त्या दिवसांत प्रत्येक होडीशेजारी डबे उघडे. वास असा की डोळ्यात पाणी यावं. पहिल्यांदाच मला तो सणाचा वाटला नाही.

तो दारात बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोर पंधरा पावलांवर काका, म्हणजे त्याचे चुलते, दोन्ही घरांची सामायिक होडी रंगवत होते. तो होडीकडे बघत नव्हता, पण त्याच्या नाकपुड्या बघत होत्या. दुसरा शब्द मला सुचत नाही.

"मावशे," मी म्हटलं, "चुकी झाली."

मावशी जाळ्याचा फाटका भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून विणत होती. मान वर केली नाही. "तुजा कागूद पोरीनं वाचून दावला. चांगला लिवलास."

"तसं नाय गं..."

"चांगला लिवलास, बोलते मी. घराचा पत्ता बरोबर दिलास." मग तिने सुई ठेवली. "मना एक सांग, साळा शिकलेल्या. घाटावरच्या डॉक्टरनं सांगितला, पोराला त्या वासापासून लांब ठेव. आता मी पोराला लांब ठेवू का दर्याला?"

उत्तर तिच्याकडेच होतं. ती उठली, पदर खोचला, होडीपाशी गेली आणि दिराच्या हातातला ब्रश काढून घेतला. डब्याला झाकण घातलं आणि त्याच्यावर दगड ठेवला.

"वैनी, येडी जालीस काय? अर्धी होरी राहिलीय."

"राहूदे. या होरीला रंग नाय लावायचा. सासरा लावायचा ते लावायचा."

सासरा लावायचा ते म्हणजे माशाचं तेल. तारली माशांचं आणि मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, काळजाचं, त्यात राळ वितळवून. आमच्या आज्यांच्या काळात होड्यांना हेच चोळायचे. लाकूड काळं पडायचं आणि पाणी धरायचं नाही. मग बाजारात रंग आले आणि तेल गेलं, कारण त्याचा वास. त्या वासाबद्दल पुढे सांगतो.

बातमी जेटीभर झाली आणि लोक हसले. सगळ्यात मोठ्याने हसले ते म्हातारे नाखवा. गावातली सगळ्यात जुनी होडी त्यांची, आणि तोंडही. "सणाला काली होरी नेशील? दर्याला वाटंल म्हस आली धुवायला!"

मावशी हसली नाही. "माज्या एकलीच्या होरीचा सवाल नाय, नाखवा. सगल्यांचे डबे बंद करा. गावकी बोलवा."

मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या. माईकवाल्या, मंडपवाल्या, मंत्री आलेल्या. त्या रविवारी दुपारी देवळाच्या ओसरीवर जे पाहिलं तसं परत पाहिलं नाही. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, आणि मावशी मधल्या खांबाशी उभी. बाईने गावकीत उभं राहून बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. तिने रीत मोडतेय असं दाखवलंही नाही. नुसती उभी राहिली.

पास मिळालेल्यांतलाच एक पोरगा आधी बोलला. "मावशे, एका पोरासाठी सगल्या गावानं घाण तेल लावायचा? डबे घरात ठेवतो आमी. कुलूप लावतो."

"होरी रंगवताना पन कुलूप लावशील?"

हशा झाला. नाखवा म्हणाले, "अगो, पन वर्साचा सन हाय. आजूबाजूची गावं बघाया येतात. आपल्या होऱ्या म्हंजे नवऱ्या. नवरीला काला फासून उभी करायची?"

मावशी म्हणाली, "नाखवा, होरी फिरली नाय तर आपन काय करतो?"

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे चाल आहे. गावातली एखादी होडी दर्यावरून परतली नाही, तर ती सापडेपर्यंत दुसरी कोणतीही होडी जाळं टाकत नाही. सगळ्या शोधायला निघतात, बावटे उतरवून. मासळी समोर उड्या मारत असली तरी जाळं कोरडं. कुणी ठरवलंय, कधीपासून आहे, माहीत नाही. मोडलेलं कुणी ऐकलं नाही.

"बोला ना," मावशी म्हणाली. "ह्याचा बापूस गेला तवा तुमी काय केलात?"

"पाच दिस शोधला," नाखवा म्हणाले. आवाज खाली आला होता.

"मिलाला?"

"नाय."

"हाडूकपन मिलाला नाय. तरी पाच दिस सव्वीस होऱ्यांनी जाला टाकला नाय. मेलेल्या मानसासाठी." तिने हात उचलून ओसरीच्या पायरीकडे दाखवलं, जिथे तो बसला होता, हात अजून मांड्यांखाली. "ह्यो माजा पोर. अजून फिरला नाय. दिसतो इथं, पन फिरला नाय. ह्यो तर जिता हाय, नाखवा. ह्याला शोधनार का नाय?"

पाच वर्षं मी भाषणं पाठ केली होती. शोषण, व्यवस्था, पुनर्वसन. मला सगळे शब्द येत होते. मावशीला सही येत नव्हती. मी खाली बघत बसलो, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांसमोर रडलो असतो, आणि रडायचं नाही असा नियम होता.

नाखवांनी तंबाखूची गोळी थुंकली. मग म्हणाले, "तेल कुठं मिलतंय पन आता?"

झाला ठराव! हात वर नाही, मतदान नाही. तेल कुठे मिळतंय, एवढंच.

तेल आणायचं काम माझ्यावर आलं. प्रायश्चित्त म्हणा. पनवेलच्या बाजारात दोर, बुचं, राळ विकणारे एक कोकणी मुसलमान चाचा होते, त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान. मी विचारलं तर ते गल्ल्यावरून उठूनच उभे राहिले.

"माशाचं तेल? या अल्लाह! मागल्या दारी तीन पिंपं पडून आहेत माझ्या वालिदांच्या वेळची. सून तर ती खाडीत ढकलायला निघाली होती. तुला कशाला रे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. चाचा परत बसले. "माझ्या भावाने पोरगा कतारला धाडला," ते म्हणाले, "लोकांना वाटतं कमवायला. कमवायला नाय रे. इथल्या दोस्तांपासून सोडवायला." मग नोकराला हाक मारून पिंपं बाहेर काढायला लावली. पैशाचं काढलं तर हात जोडले. "ने बाबा. सुनेची दुआ लागेल मला."

आता वास. मेलेला मासा, जळलेलं डांबर आणि ओला कुत्रा एका गोणीत घालून उन्हात ठेवा, त्याच्या आसपास येईल. टेम्पोवाल्याने अर्ध्या वाटेत तोंडाला उपरणं बांधलं. नाक्यावर हवालदाराने ताडपत्री उचलून आत डोकावलं आणि "जा, जा, जा" म्हणत तीन पावलं मागे गेला. पुढले दहा दिवस आमच्या गावचा माणूस पनवेलच्या बसमध्ये चढला की सीट आपोआप रिकामी व्हायची. शेजारच्या गावची मांजरं बांधावरून चालत आली आणि जेटीवर मुक्काम ठोकून बसली.

पण त्या वासात थिनरचा मागमूस नव्हता. मावसभाऊ पहिल्या दिवशी दारातून उठला, जेटीवर आला, खोल श्वास घेतला आणि भडाभडा ओकला. मग तोंड पुसून म्हणाला, "दादा, ह्याची नशा कोनाला लागनार नाय," आणि त्या गेटनंतर पहिल्यांदा माझ्याशी हसला.

तेल लावायच्या आधी जुना रंग खरवडावा लागतो. वर्षानुवर्षांचे थर. पास मिळालेली पोरं पाळी करून येऊन खरवडायला लागली, बाया लागल्या, मी लागलो. आणि तिथे मी दुसरी गोष्ट पाहिली. मावसभाऊ खरवडलेल्या फळीवर बोटांची पेरं आपटत जायचा. टक, टक, टक. कान लावायचा. पुढे जायचा. हे त्याला कुणी शिकवलं होतं? बापाने, म्हणाला, लहानपणी. पाच वर्षं थिनरने बहिणीचं नाव पुसत आणलं होतं, पण हे राहिलं होतं, बोटांत.

नाखवांच्या होडीला मागच्या बाजूला तो थांबला. परत आपटलं. "नाखवा, हितं लाकूड मेलंय."

"तुजा बापूस मेला! चाळीस वर्सांची होरी हाय माजी. थिनरवाला मना लाकूड शिकवतंय."

त्याने पटाशी उचलली आणि टोचली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर आला तो भुसा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा. रंगाच्या खाली किती वर्षं सडत होतं देव जाणे. ती होडी पौर्णिमेनंतर नाखवांच्या दोन्ही मुलांना घेऊन बाहेर खोल पाण्यात जाणार होती. नाखवा त्या भोकाकडे बघत राहिले. शिवी दिली नाही. आमच्या नाखवांनी शिवी दिली नाही म्हणजे काय ते आमच्या गावाला कळतं.

इथे लेख संपवला तर छान दिसेल. पण मी खोटं लिहिणार नाही.

सणाच्या दोन दिवस आधी कुणीतरी, कोण ते मला माहीत आहे आणि सांगणार नाही, होडीवर नाव काढायला पनवेलहून रंगारी आणला. नुसती पांढरी अक्षरं, तेवढ्याने काय होतंय? रंगारी सकाळी काम करून जेवायला गेला. थिनरचा डबा आणि चिंधी होडीखाली राहिली. दुपारी ओहोटीला मावसभाऊ कुठे दिसेना. मावशीने मला हाक मारली नाही, ती सरळ चिखलात उतरली. मी मागून. जुन्या बांधाच्या आडोशाला तो बसला होता, चिंधी मुठीत, डोळे तारवटलेले. आम्हाला बघून म्हणाला, "आये, मी फिरलो नाय गो." एवढंच दोन-तीनदा.

मावशी त्याच्याशेजारी चिखलात बसली. चिंधी ओढून घेतली नाही. हात पुढे केला. त्याने ती तिच्या हातात ठेवायला पाव तास तरी लागला असेल. ती थांबली. पाणी चढायला लागलं होतं, आमच्या घोट्यांपर्यंत आलं, ती थांबली.

तासाभरात गावाला कळलं. जेटीवर घोळका झाला. "बघा, आमी बोललो नव्हतो?" "सगला गाव वासाला लावला आनि ह्यो..." "उद्या पिवला रंग मारून टाकू, एक हात तरी." सहा होड्यांना तेल लागायचं बाकी होतं. मी भोंगा शोधत होतो, खरंच, घरात जाऊन भोंगा आणावा का असं मनात आलं.

नाखवा तेलाच्या पिंपावर बसले होते. बसल्या बसल्याच म्हणाले, "शोधाया गेलेली होरी पैल्या दिशी रिकामी आली, तर दुसऱ्या दिशी जायाचा नाय काय?"

नाखवांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"मग? पाच दिस कशाला गेलेलो आपन त्याच्या बापाला?" ते उठले, झाकण काढलं, तेलात फडकं बुडवलं आणि सहापैकी पहिल्या होडीला चोळायला लागले. स्वतःची नव्हे. ज्याने "बघा, आमी बोललो नव्हतो" म्हटलं होतं त्याची. म्हाताऱ्या हातांवरून तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. थोड्या वेळाने त्या माणसानेही फडकं घेतलं. अंधार पडायच्या आत सहाही झाल्या. रंगाऱ्याने काढलेलं नाव ज्याचं त्यानेच खरवडून काढलं.

पौर्णिमेला दुपारी भरतीच्या पाण्यावर सव्वीस होड्या काढल्या. काळ्या. एकाही होडीवर बावटा नव्हता, बावटा उतरवा असं मावशीने सांगितलं नव्हतं, लोकांनीच आपणहून उतरवला. नुसती झेंडूची माळ आणि नारळ. शेजारच्या गावांची माणसं काठावर चेष्टा करायला जमली होती, नाकाला रुमाल लावून. होड्या एकेक करून खाडीत आल्या तशी काठावरची बडबड बंद पडली. मी रंगीत होड्या जन्मभर पाहिल्यात, सुंदर दिसतात. पण ह्या काळ्या होड्या पाण्यावर अशा उभ्या होत्या की जणू लाकूड पहिल्यांदाच कपडे काढून दर्यासमोर आलंय. उन्हात तेल चमकत होतं. कुणी वाजवत नव्हतं. मला देवाधर्माचं फार नाही, पण त्या दिवशी माझे हात जोडले गेले. कुणापुढे ते मला सांगता येणार नाही. दर्यापुढे असतील, मावशीपुढे असतील. एक हरवलेला पोरगा शोधायला अख्खं गाव निघालं होतं आणि तो पोरगा त्याच होड्यांपैकी एकीत वल्ह्यावर बसला होता.

सणानंतर आम्ही गेटवर परत गेलो. या वेळी त्यानेच मला बोलावलं. "दादा, भोंगा घे. आनि बोल."

मी बोललो. पत्रक माझं, चूक माझी, याचा पास द्या, अर्धा किलोमीटर ऐकू जाईल असं बोललो. एकोणचाळीस जण काम सोडून गेटच्या आतून येऊन उभे राहिले, दोन तास क्रेन हलली नाही. साहेब बाहेर आले आणि आमच्या अंगाच्या वासाने त्यांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.

मावसभाऊ म्हणाला, "साहेब, रुमाल काढा. मी बी सुरवात अशीच केलेली."

गेटच्या दोन्ही बाजूंना हसू फुटलं, रखवालदारसुद्धा हसला. साहेब नाही हसले. यादी बंद झाली, म्हणाले. पुढच्या वेळी बघू.

पुढची वेळ आली आणि गेली. आज चार वर्षं झाली. तो एकदा परत घसरला, दुसऱ्या वर्षी, आणि परत आला. तीन वर्षं झाली, चिंधीला हात नाही. गावातल्या अर्ध्या होड्या आता परत रंगीत आहेत, पण पाण्यात कालवायच्या, थिनर न लागणाऱ्या रंगाने रंगवतात, टिकत नाही म्हणून दरवर्षी कुरकुर करतात आणि दरवर्षी तोच आणतात. मावशीची आणि नाखवांची काळीच आहे. होड्या कमी झाल्यात, लाकडाची दुरुस्ती वर्षातून तीन महिने पुरते. उरलेले नऊ महिने तो वेगवेगळ्या गेटांवर उभा असतो. प्रत्येक गेटवर कुणीतरी ओळखीचा असतो, कुणीतरी तो गुलाबी कागद वाचलेला असतो. माझा कागद.

तुमच्यातले काही जण अशाच गेटांच्या आत बसता. पासांवर सह्या करता, याद्या मंजूर करता, नाहीतर नुसतं "नेक्स्ट" म्हणता. मागणी तुमच्याकडे आहे. त्याचं नाव मी छापणार नाही आणि या वेळी गावही सांगणार नाही. तो तुमच्या टेबलासमोर येऊन उभा राहील तेव्हा कुठे होता विचारू नका, काय येतं ते विचारा. शेजारच्या दारावर, कपाटावर, जे लाकूड असेल त्यावर बोटं आपटून तो सांगेल, कुठलं जिवंत आहे आणि कुठलं मेलेलं. मग तो आपलं नाव सांगेल. ते यादीत लिहा, आणि त्याच दिवशी सही करा.